किमान वेतन वाढल्यामुळे इंदूरच्या शेव-नमकीन पॅकिंगमध्ये मशीन येतात का, आणि मग बेरोजगारीचा आकडा कमी कसा?

वेतनवाढ हे अर्धंच कारण. हिशेब असा मांडा: समजा, पाउच मशीन 9 लाखांचं आहे आणि 5 माणसं कमी होतात. प्रत्येकी 12,000 धरले तर महिन्याला 60,000 वाचतात. त्यातून ऑपरेटरचे 20,000 आणि वीज, वाया जाणारी फिल्म, दुरुस्तीचे 15,000 वजा करा. उरले 25,000, म्हणजे 36 महिन्यांत वसुली. वेतन 10 टक्के वाढलं, बाकी खर्च तोच राहिला, तर 29 महिने. निर्णय बदलतो तो एवढ्याने. पण मशीन फक्त दिवाळीच्या हंगामात चालणार असेल तर माणसंच परवडतात. शिवाय शेवेचा तेलकट चुरा सीलिंगच्या जबड्यात अडकला की पाउच गळतं. जबडा वारंवार पुसायला माणूस लागतोच.

आता आकडा. सरकारच्या श्रमबल (काम करणारे आणि काम शोधणारे मिळून) सर्वेक्षणात साप्ताहिक स्थिती, म्हणजे मागच्या 7 दिवसांत कोणी काय केलं ते, मोजताना आठवड्यात 1 तास जरी काम केलं तरी तो माणूस रोजगारात धरतात. काम सुटल्यावर भावाच्या पोहे-जिलबीच्या गाडीवर बिनपगारी बसलेला तरुणही रोजगारातच. काम शोधायचं सोडलेली बाई तर श्रमबलातूनच बाहेर, म्हणजे बेरोजगारांत तिची गणतीच नाही. मला हे फार खुपतं, कारण मशीनचा फटका बसलेली माणसं याच दोन खणांत लपू शकतात.

म्हणून बेरोजगारी दर एकटा पाहू नका. सोबत श्रमबल सहभाग (लोकसंख्येत श्रमबलाचा वाटा), बिनपगारी घरच्या मदतनिसांचं प्रमाण आणि नियमित पगारदारांची सरासरी कमाई बघा.