बडीचा डबा
वाचकांचे प्रश्न : प्राण्यांचा आहार

प्रश्न : ‘हिल्स’ या पेट फूड कंपनीची सुरुवात एका अंध माणसाच्या आजारी कुत्र्यामुळे झाली, असं वाचलं. मग संस्थापक कोण? आणि घरातल्या ओट्यावरून गोष्ट कारखान्यापर्यंत कशी गेली?

उत्तर : इथे दोन माणसं आहेत. नाव आहे बर्टन हिल यांचं. त्यांनी १९०७ साली अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या टोपिका शहरात व्यवसाय सुरू केला. पण कंपनीला ज्या अन्नामुळे ओळख मिळाली ते डॉ. मार्क मॉरिस यांचं. मॉरिस १९२६ साली कॉर्नेल विद्यापीठातून पशुवैद्य झाले. पशुवैद्य म्हणजे घोड्या-गुरांचा डॉक्टर असं मानलं जाण्याच्या त्या काळात त्यांनी न्यू जर्सीत फक्त लहान प्राण्यांसाठी रुग्णालय काढलं.

१९३९च्या सुमारास मॉरिस फ्रँक हे अंध गृहस्थ ‘बडी’ला घेऊन त्यांच्याकडे आले. फ्रँक हे मार्गदर्शक कुत्रे तयार करणाऱ्या ‘द सीइंग आय’ संस्थेचे सहसंस्थापक. (आपल्या प्रत्येक मार्गदर्शक कुत्र्याला त्यांनी बडी हेच नाव दिलं, त्यामुळे कोणता बडी याची गल्लत सहज होते.) कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती.

डॉ. मॉरिस यांचा विचार नीट समजून घेण्यासारखा आहे. प्रथिनं पचल्यावर तयार होणारा युरिया आणि अन्नातला फॉस्फरस बाहेर टाकणं हे मूत्रपिंडाचं काम. ते झेपेनासं झालं की हा कचरा रक्तात साठतो. म्हणून प्रथिनं कमी, पण चांगल्या प्रतीची. फॉस्फरस आणि मीठ कमी. आणि ऊर्जा मुख्यतः चरबी व पिष्टातून. ही शेवटची बाब लोक विसरतात. प्रथिनं कमी करायची म्हणून ताटलीच अर्धी केली, तर उपाशी शरीर स्वतःचे स्नायू मोडायला लागतं आणि युरिया पुन्हा वाढतो. पोट भरलेलं राहिलं तरच या आहाराचा उपयोग.

हे अन्न आधी काचेच्या बरण्यांत भरून दिलं जाई. फ्रँक यांचा प्रवास सतत चाले आणि वाटेत बरण्या फुटत. मग पत्र्याचे डबे आणि हाताने चालवायचं सीलयंत्र आलं आणि मॉरिस पतिपत्नी घरच्या स्वयंपाकघरात डबे भरू लागले. हे काम किती नाजूक आहे ते डब्याची कड पाहिली की कळतं. झाकणाची वळलेली कड डब्याच्या ओठाखाली जाते, पहिलं चाक ती दुमडतं, दुसरं दाबून सपाट करतं. पहिली घडी सैल राहिली तर दुसऱ्या दाबाने ती सुधारत नाही. डबा वरून ठीक दिसतो, पण थंड होताना आत निर्वात तयार होतो आणि त्या फटीतून हवा व पाणी ओढलं जातं. त्याबरोबर जंतूही जातात.

मागणी घरात मावेना, तेव्हा १९४८ साली मॉरिस यांनी उत्पादन टोपिकाच्या हिल पॅकिंग कंपनीकडे दिलं. हेच पुढे ‘के/डी’ म्हणून ओळखलं गेलं. पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यायचं अन्न ही त्याची ओळख कायम राहिली. दर डब्यामागे मिळणारा अर्ध्या सेंटचा मोबदला मॉरिस यांनी प्राण्यांच्या आजारांवरील संशोधनासाठी वळवला आणि त्यातूनच मॉरिस ॲनिमल फाउंडेशन उभं राहिलं. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय हाच. १९६८ साली त्यांचे चिरंजीव मार्क मॉरिस ज्युनियर यांनी निरोगी प्राण्यांसाठी ‘सायन्स डाएट’ तयार केलं. १९७६ साली कंपनी कोलगेट-पामोलिव्हकडे गेली.

प्रश्न : असंच अन्न घरी शिजवून बरण्यांत भरून ठेवता येईल का? विकायचाही विचार आहे.

उत्तर : बरणीत भरून बाहेर ठेवू नका. मांसाचं अन्न आम्लधर्मी नसतं. त्याचा पीएच ४.६ च्या वर असतो आणि हवाबंद बरणीत ‘क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम’ या जीवघेणं विष तयार करणाऱ्या जंतूला तेच हवं असतं. त्याचे बीजाणू १०० अंशांच्या उकळत्या पाण्यात तासन् तास टिकतात. कारखान्यात डब्याच्या मधोमध, म्हणजे सर्वांत उशिरा तापणाऱ्या जागी, १२१ अंश सेल्सियस तापमान किमान ३ मिनिटं राहील इतकी प्रक्रिया करतात. घरच्या प्रेशर कॅनरमध्ये (बरण्या वाफेच्या दाबाखाली तापवायच्या भांड्यात) हे साधत नाही, कारण हे मिश्रण घट्ट लगद्यासारखं असतं. पातळ रस्सा आतल्या आत फिरून तापतो, पण लगद्यात उष्णता कडेकडून हळूहळू सरकते. बाहेर १२१ अंश असताना मध्य त्याच्या बराच खाली असू शकतो. बरणीचं झाकण घट्ट बसलं यावरून मध्य तापला होता असं सिद्ध होत नाही.

त्यापेक्षा एका वेळच्या मापाच्या चपट्या पिशव्या करून उणे १८ अंशांवर गोठवा. वितळवायच्या त्या फ्रिजमध्ये, आणि उघडलेली पिशवी दोन-तीन दिवसांत संपवा.

निरोगी, प्रौढ कुत्र्याच्या घरच्या अन्नात बहुधा कॅल्शियम कमी पडतं. बिनहाडाच्या ५०० ग्रॅम मांसात फॉस्फरस सुमारे १,००० मिलिग्रॅम, तर कॅल्शियम जेमतेम ५०. प्रमाण हवं किमान १:१. अंड्याच्या कवचाची बारीक पूड साधारण अर्धा चमचा, म्हणजे ३ ग्रॅम, घातली तर १,१०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं. कवच धुवून, भाजून, पिठासारखं दळा. खरखरीत पूड नीट पचत नाही. मात्र एवढ्याने अन्न ‘संपूर्ण’ होत नाही. तांबं, जस्त, आयोडीन, ड जीवनसत्त्व उरतंच. विकायचं असेल तर आधी पशु-आहारतज्ज्ञाकडून सूत्र तपासा, तोवर वेष्टनावर ‘पूरक खाद्य’ लिहा. मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी यातलं काहीही पशुवैद्याला विचारल्याशिवाय नको.

प्रश्न : डब्यावर प्रथिनं ४ टक्के आणि कोरड्या खाद्यावर २२ टक्के. डबा निकृष्ट का?

उत्तर : नाही, पाणी वजा करा. डब्यात ७५ टक्के पाणी असेल तर कोरडा भाग २५. ४ भागिले २५ म्हणजे १६ टक्के. कोरड्या खाद्यात १० टक्के ओलावा धरला तर २२ भागिले ९०, सुमारे २४ टक्के. म्हणजे फरक आहे, पण वेष्टनावर दिसतो तेवढा नाही. आजारी कुत्र्यासाठी दोन खाद्यांची तुलना करताना फॉस्फरसचा आकडाही असाच काढा. वेष्टनावर नसेल तर कंपनीकडे लेखी मागा.