घाबरलेल्या मनाने प्रार्थना कशी करावी? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रोज रात्री मी अर्धा-पाऊण तास प्रार्थना करते. मुलाच्या आजारपणापासून मनात भीती बसली आहे. पण प्रार्थना संपेपर्यंत ती कमी होण्याऐवजी वाढलेलीच असते. माझं कुठे चुकतं?

उत्तर : चूक बहुधा प्रार्थनेच्या लांबीत आहे. घाबरलेल्या माणसाची प्रार्थना लांबली की ती काळजीची उजळणी होऊन बसते. ‘प्रभू, असं झालं तर? आणि तसं झालं तर?’ सुरुवातीला देवाचं नाव असतं, पुढे मात्र मन मनाशीच बोलत राहतं.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं, म्हणजे प्रार्थनागीतांच्या पुस्तकातलं, १३ वं स्तोत्र साचा म्हणून समोर ठेवा. ते अवघ्या सहा वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत शत्रूने गांजलेल्या माणसाची तक्रार आहे. ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो आणि एकदाही सौम्य केलेला नाही. तिसऱ्या-चौथ्या वचनांत मागणं आहे : माझ्याकडे पाहा, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत प्रकाश येऊ दे. पाचव्या वचनात वळण आहे : मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. मधल्या काळात शत्रू गेल्याचं कुठेही म्हटलेलं नाही. परिस्थिती तीच आहे, आणि तिच्या आतच भरवसा उच्चारला आहे.

याप्रमाणे कागद-पेन घेऊन बसा. भीती एका वाक्यात लिहा, पण नेमकी. ‘सगळ्याची भीती वाटते’ असं नको; ‘गुरुवारच्या तपासणीत आजार उलटल्याचं निघेल, ही भीती वाटते’ असं लिहा. धूसर भीती देवाच्या हाती द्यायची तरी कशी? मग त्याच गोष्टीसाठी एकच मागणं लिहा. त्यानंतर आज घडलेल्या दोन गोष्टींसाठी आभार माना. त्याही नेमक्या हव्यात : ताप उतरला, तो पोटभर जेवला. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल मागण्याबरोबर आभाराचा उल्लेख करतो, आणि ते पत्र त्याने बंदिवासातून लिहिलं आहे. शेवटी ‘आमेन’ म्हणून कागद मिटा आणि उठा. सगळं मिळून दहा मिनिटं पुरेत. रात्री तीच भीती परत आली तर नवी प्रार्थना सुरू करू नका. ‘हे तुझ्याकडे दिलं आहे’ एवढंच म्हणा. अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत येशूनेही तिसऱ्यांदा तेच शब्द उच्चारून प्रार्थना केली, असं मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. तेव्हा तेच तेच म्हणण्यात काही उणं नाही.

आणि वेळ बदला. थकलेल्या मनाला रात्री अकराला सगळं मोठं दिसतं. ही प्रार्थना संध्याकाळी उरका, झोपताना फक्त एखादं स्तोत्र वाचा. मात्र ८८ वं नको. ते अंधारातच संपतं. त्याची जागा दिवसा आहे.

प्रश्न : ‘पूर्ण प्रीती भीती घालवून देते’ असं वचन आहे. मग मला अजून भीती वाटते म्हणजे माझा विश्वास कच्चा आहे, असं आमच्या चर्चच्या मंडळीतल्या काहींचं म्हणणं आहे. ते खरं आहे का?

उत्तर : नाही. हे वचन योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे, आणि त्याच्या आधीच्याच वचनात न्यायाच्या दिवसाचा विषय आहे. देव शिक्षा करील, मला टाकून देईल, ही भीती प्रीतीने जाते, असं योहान सांगतो. ऑपरेशनच्या आदल्या रात्री हात थरथरले तर विश्वास नापास, असं तो सांगत नाही. कुणी हे वचन काठीसारखं उगारलं की ऐकणाऱ्याला दोन भीती होतात : आधीची एक आणि देव नाराज असल्याची दुसरी. वचनाच्या नेमका उलट परिणाम!

५६ व्या स्तोत्रात दावीद राजा आधी कबूल करतो की मला भीती वाटते तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवतो. पुढच्याच वचनात तो म्हणतो, मी भिणार नाही. दोन्ही वाक्यं एकाच तोंडची आहेत.

छातीत धडधड सुरू झाली की हेच वचन हाताशी ठेवा. पाय जमिनीवर टेका. श्वास घेताना मनात म्हणा, ‘भीती वाटते’. सावकाश, जास्त वेळ श्वास सोडताना म्हणा, ‘भरवसा तुझ्यावर’. असं पाच-सहा वेळा करा. भीती गेली की नाही ते दर मिनिटाला तपासत बसू नका. तपासण्यानेच ती जागी राहते. शरीर शांत व्हायला काही मिनिटं लागतात, तेवढी त्याला द्या. छातीत दुखत असेल किंवा श्वास लागत असेल, तर मात्र आधी दवाखाना.

प्रश्न : ‘परमेश्वराची वाट पाहा’ म्हणजे नेमकं करायचं काय? हातावर हात ठेवून बसायचं का?

उत्तर : नाही, पण घाईही नको. बायबलमधल्या ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातला इस्राएलचा राजा शौल पाहा. गिलगाल या ठिकाणी त्याने संदेष्टा शमुवेलाची सात दिवस वाट पाहिली. शत्रू पलिष्टी समोर जमले होते, लोक गुहांत आणि विहिरींत लपत होते, सैन्य पांगत होतं. शमुवेल आला नाही. शमुवेलाने करायचा होमबली (अग्नीतलं अर्पण) शौलाने स्वतःच अर्पण केला, आणि तो संपतो न संपतो तोच शमुवेल समोर उभा! शौलाचं उत्तर फार ओळखीचं आहे : लोक पांगताना पाहिले, म्हणून मन घट्ट करून मी हे केलं. घाईला त्याने भक्तीचं रूप दिलं. भीती बहुतेक वेळा अशीच बोलते : आत्ताच काहीतरी कर, नाहीतर सगळं गेलं.

म्हणून मोठा निर्णय भीतीच्या भरात घेऊ नका. नोकरी सोडणं, नातं तोडणं, कर्ज काढणं यांसाठी शक्य असेल तर निदान तीन दिवस थांबा, आणि त्या दिवसांत एका समंजस विश्वासी माणसाशी बोला. मात्र रोजचं काम, औषधाच्या वेळा, द्यायचं उत्तर थांबवू नका.

उलट बाजूची चूकही सर्रास होते. तपासणीचा रिपोर्ट पाकिटातून काढायचाच नाही आणि म्हणायचं, ‘देवावर सोपवलं.’ ही टाळाटाळ आहे, आणि टाळलेली भीती दिवसागणिक वाढते. पाकीट उघडा. एकट्याने धीर होत नसेल तर कुणाला शेजारी बसवा, आधी प्रार्थना करा, मग उघडा. १३० व्या स्तोत्रातला पहारेकरी पहाटेची वाट पाहतो तो जागा राहून, आपल्या जागेवर उभा राहून.

प्रश्न : भीतीसाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. त्या घेणं म्हणजे अविश्वास का?

उत्तर : मुळीच नाही. राणी ईजबेलीच्या भीतीने पळालेला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत झोपला, तेव्हा देवदूताने त्याला दटावलं नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुजा दिला, पुन्हा झोपू दिलं, आणि दुसऱ्यांदा उठवून परत खायला दिलं. होरेब डोंगरावर त्याला ऐकू आलेला देवाचा मंद स्वर त्यानंतरचा. गोळ्या मनाने बंद करू नका; एकदम थांबवल्या तर त्रास उलटू शकतो. कमी करायच्या असतील तर डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्याने. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना आणि घरातल्या एकाला सांगा. पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) भेटीपर्यंत थांबू नका.

प्रश्न : घाबरलेल्या माणसाला भेटायला गेल्यावर कोणतं वचन सांगावं?

उत्तर : आधी कोणतंच नको. पंधरा मिनिटं ऐका, मग विचारा, ‘तुमच्यासाठी नेमकी कशाची प्रार्थना करू?’ त्यांनी सांगितलं तेवढंच चार वाक्यांत मागा, आणि दोन दिवसांनी त्याच गोष्टीची चौकशी करायला फोन करा.