गॅस संपत नसतो, गळतो

प्रश्न : आमचा दीड टनाचा स्प्लिट एसी ६ वर्षांचा आहे. गेली ३ वर्षं उन्हाळा आला की गार हवा येत नाही, मग मेकॅनिक 'गॅस संपलाय' म्हणतो आणि भरून जातो. यंदा आतल्या कॉइलवर बर्फही धरतोय. मेकॅनिकचं म्हणणं, मशीन थकलं, आता २ टनांचा घ्या. घ्यावा का?

उत्तर : थांबा. आधी मेकॅनिकला एकच विचारा : मागच्या वर्षी भरलेला गॅस गेला कुठे?

हा प्रश्न माझा नाही. मी हे काम नवीन शिकत असताना एका घरी सलग दुसऱ्या वर्षी गॅस भरायला गेलो होतो. तिथल्या आजींनी तो मला विचारला. मी काहीतरी पुटपुटलो. त्या हलेनात. शेवटी साबणाचा फेस करून सगळ्या जोडांवर लावला, तर बाहेरच्या युनिटला तांब्याची नळी जोडणाऱ्या फ्लेअर नटवर बुडबुडे आले. तो नट बसवताना लांब पाना घेऊन मीच आवळला होता. जास्त आवळल्याने तांब्याच्या नळीचं फुलवलेलं तोंड चिरलं होतं. आजींना मी हे सांगितलं नाही, नळी नव्याने फुलवून दिली आणि निघालो.

एसीतला गॅस हे इंधन नव्हे, तो जळून संपत नाही. आतल्या कॉइलमध्ये द्रवाची वाफ होते आणि खोलीतली उष्णता उचलते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून बाहेरच्या कॉइलमध्ये ढकलतो, तिथे उष्णता सोडून तिचा पुन्हा द्रव होतो. बंद नळ्यांतला हा फेरा आहे. कारखान्यात भरलेला गॅस मशीन भंगारात जाईपर्यंत पुरायला हवा. तुमच्याकडे ३ वर्षं गॅस भरला गेला, म्हणजे ३ वर्षं गळती तशीच ठेवली गेली.

बर्फाची कारणं बहुतेकदा दोन. एक, फिल्टर किंवा कॉइल धुळीने बुजली, हवा कमी फिरते आणि कॉइल शून्याखाली जाते. दुसरं, गॅस कमी पडला, दाब उतरला की तो फार कमी तापमानाला उकळू लागतो आणि हवेतली ओल कॉइलवरच गोठते. फरक घरीच ओळखता येतो. एसी बंद करून बर्फ वितळू द्या (सुरीने खरवडू नका, कॉइलला भोक पडलं की खेळ खलास), फिल्टर धुऊन वाळवून बसवा. पुन्हा बर्फ धरला, तर गळतीवर संशय घ्यायचा. फिल्टर रोजच्या वापरात दर १५ दिवसांनी धुवावा. त्याला मेकॅनिक लागत नाही, नळाखाली धरायचा एवढंच.

गळती शोधायला आलेला माणूस काय करतो ते उभं राहून बघा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, त्यामुळे गळक्या जोडावर बहुतेकदा तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. तो डाग शोधणारा मेकॅनिक चांगला. नळ्यांत नायट्रोजनचा दाब देऊन फेस लावायचा. दाबासाठी ऑक्सिजनचा सिलिंडर काढला, तर त्याला तिथेच थांबवा. तेलाशी गाठ पडली की स्फोट होऊ शकतो. जोड दुरुस्त झाल्यावर व्हॅक्युम पंप लावून हवा आणि ओल काढायची आणि मग मशीनवरच्या माहितीच्या पट्टीवर लिहिलाय तितकाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. नुसतं दाबाचं गेज बघून 'झालं साहेब' म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

गळती जोडावर असेल तर ६ वर्षांचं मशीन टाकू नका. कॉइललाच बारीक भोकं पडली असतील, तर नव्या कॉइलचा आणि नव्या मशीनचा खर्च शेजारी मांडून बघा. मात्र नवं घेतलंत तरी ते २ टनांचं कशाला? १ टन म्हणजे एक अमेरिकन टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी ताकद, साधारण ३.५ किलोवॅट. पहिल्या वर्षी, गॅस पूर्ण असताना, दीड टनात खोली गार होत होती ना? मग खोली काही वाढलेली नाही. गरजेपेक्षा मोठा एसी हवा पटकन गार करून थांबतो आणि ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली थंड पण चिकट लागते. आधुनिक एसीचे जनक मानले जाणारे अमेरिकन इंजिनिअर विलिस कॅरिअर यांनी १९०२ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी यंत्रणा आखली, ती मुळात दमट हवेने फुगणाऱ्या कागदापायी! ओल काढणं हे एसीचं निम्मं काम आहे.

प्रश्न : इनडोअर युनिटमधून भिंतीवर पाणी ओघळतं. गॅसचं काही असेल का?

उत्तर : बहुधा नाही. ड्रेन पाइप शेवाळाने तुंबला असेल, किंवा त्याचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालं असेल. टोक मोकळं ठेवा, पाइप साफ करून घ्या आणि त्याला सगळीकडे उतार आहे ना ते पाहा. बर्फ धरत असेल, तर वरचं उत्तर वाचा.

प्रश्न : थंडीत कॉइलचा हीटर वापरतो. नवा एसी 'हॉट अँड कोल्ड' घेतला तर विजेचं बिल खरंच कमी येईल का?

उत्तर : येईल. हीटर १ युनिट विजेतून १ युनिटच उष्णता देतो. हीट पंपवर चालणारा 'हॉट अँड कोल्ड' एसी बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे बेताच्या थंडीत १ युनिटमागे ३ च्या आसपास मिळतात. बाहेर कडाका वाढला की हा आकडा उतरतो. घेण्याआधी खिडक्यांच्या फटी बुजवा, कदाचित लहान मशीनवर भागेल. आणि घरात गॅसवर चालणारा हीटर राहणारच असेल, तर धुरांडं दरवर्षी तपासून घ्या, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. त्या वायूला वास नसतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. थंडीत बाहेरच्या युनिटवर हिम साठतं, ते वितळवायला मशीन काही मिनिटं उलटं चालतं. आत गरम हवा थांबते आणि बाहेर पांढरी वाफ उठते. 'एसीतून धूर येतोय' म्हणून मला रात्री फोन यायचे. मी एवढंच विचारायचो, जळकट वास येतोय का? नाही म्हटलं की सांगायचो, दहा मिनिटं थांबा, नंतरही तसंच असेल तर पुन्हा फोन करा. पुन्हा फोन क्वचितच यायचा.