जमीन आज मोकळी आहे म्हणून हिशोब शून्यापासून सुरू होत नाही

रीडिंगजवळ राहणाऱ्या एका वाचकाचा मेल आलाय, आणि इंग्लंडमधल्या आपल्या लोकांकडून हाच प्रश्न फिरून फिरून येतो. घरामागचा पॅडॉक, म्हणजे कुंपण घातलेलं छोटं कुरण, घेतला, मार्च 2023 मध्ये डिगर लावून ब्रॅम्बलची काटेरी झाडी आणि चाळीसेक मीटर हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, उपटली, आता तिथे दोन घरं बांधून विकायचीत, आणि म्हणणं असं की तेव्हा बायोडायव्हर्सिटीचा कायदा लागूच नव्हता, आज जमीन उघडी आहे, मग 10 टक्के वाढ कशावर मोजणार?

बांधकामानंतर जमिनीचं जैवविविधतेचं मूल्य आधीपेक्षा 10 टक्के वाढलेलं हवं आणि ते 30 वर्षं टिकवायचं, हा नियम तुम्ही वाचलाय, खोलात जात नाही. तुमचं सगळं एका तारखेवर अडलंय, 30 जानेवारी 2020. लहान साइट्सना नियम 2 एप्रिल 2024 पासून लागला हे खरं, पण प्लॅनिंग ॲक्टच्या शेड्यूल 7ए मध्ये स्पष्ट लिहिलंय की 30 जानेवारी 2020 पासून पुढे कोणी प्लॅनिंग परमिशनशिवाय काही करून जमिनीचं हे जैवविविधतेचं मूल्य कमी केलं असेल, तर मोजणी त्याच्या आधीच्या जमिनीवरून. हा नियम आणणारं एन्व्हायर्न्मेंट बिल पार्लमेंटमध्ये आलं तो हा दिवस, लोक आधीच झाडी साफ करून ठेवतील ही भीती तेव्हाच होती, आणि तुम्ही नेमकं तेच केलंत. डिगर बोलवायच्या आधी एक फोन केला असतात तर!

आता आधी जमीन कशी होती याचा पुरावा. तो अपुरा असला तर हातात आहे त्यातून जितकं जास्त मूल्य निघेल तितकं धरतात, म्हणजे गप्प राहण्यात तुमचंच नुकसान. तुम्ही पाठवलेल्या एजंटच्या ब्रोशरमधला तिसरा फोटो मी मोठा करून बघितला, कडेने हॉथॉर्न पांढऱ्या फुलांनी भरलाय, मधे एक जुनं ओकचं झाड. हे इकॉलॉजिस्टला द्या, जुन्या सॅटेलाइट इमेजेस पण द्या, काही लपवू नका. जैवविविधता युनिट्समध्ये मोजतात, त्यात हेजची युनिट्स वेगळी मोजतात, गवत लावून ती भरत नाहीत, हेजच लावावी लागते. एका सकाळीत उपटलेली हेज तशी व्हायला किती वर्षं लागतात याचा विचार करा, मला तो फोटो बघून खरंच वाईट वाटलं.

सेल्फ-बिल्डची, म्हणजे स्वतः राहायला बांधलेल्या घराची, सूट विकायच्या घरांना मिळेल असं मला वाटत नाही. युनिट्स किती लागतील हे सर्व्हे झाल्यावरच कळेल. युनिट्स दुसरीकडे कुठेच मिळाली नाहीत तर सरकारकडून विकत घ्यायची क्रेडिट्स अगदी शेवटी, ती 42 हजार पौंडांपासून सुरू होतात आणि एका युनिटला 2 घ्यावी लागतात. पॅडॉकची हेज 20 मीटरपेक्षा लांब असली तर काढायच्या 42 दिवस आधी काउन्सिलला नोटीस द्यावी लागते, ती दिली होती का ते मला कळवा. मार्चमध्ये त्यात पक्ष्यांची घरटी होती का, तेही आठवून सांगा, तो गुन्ह्याचा भाग आहे, त्यावर इथे लिहीत नाही.

परमिशन मिळाली म्हणून लगेच पाया खणू नका. ही 10 टक्के वाढ कशी करणार ते सांगणारा गेन प्लॅन मंजूर झाल्याशिवाय काम सुरू करता येत नाही, काउन्सिलला त्यासाठी 8 आठवडे असतात आणि बऱ्याच ठिकाणी त्याहून जास्त जातात, तोवर बिल्डरला तारीख देऊ नका.