आधी घड्याळ बघ

नागपूर

प्रिय मुली,

वीज-संशोधन गटाच्या संगणकांची आणि डेटाची जबाबदारी तू घेते आहेस हे कळलं, फार बरं वाटलं. सर्व्हर, लिनक्स, स्क्रिप्ट हे सगळं तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं, त्याबद्दल लिहीत नाही. घड्याळाबद्दल लिहितो.

वीज कडाडली की तिचा रेडिओ-स्पंद आपल्या चार-पाच केंद्रांवर किंचित वेगवेगळ्या क्षणी पोचतो आणि त्या फरकावरून जागा निघते. स्पंद प्रकाशाच्या वेगाने येतो. वेळेत एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात 300 मीटर, एका मिलिसेकंदाची चूक म्हणजे 300 किलोमीटर. नागपूरहून तेवढं मोजलं तर रायपूरही मागे पडतं.

एका मे महिन्यात हे माझ्या हातून निसटलं. संध्याकाळी अवकाळीचं मोठं वादळ उठलं, तासभर आभाळ पेटलेलं होतं. डिस्कचे दिवे लुकलुकत होते, फायली भरत होत्या, मी समाधानाने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी गच्चीवर चढलो तेव्हा दिसलं, जीपीएस अँटिनाच्या जोडावरची टेप उन्हाने तडकली होती आणि आत पाणी शिरलं होतं. उपग्रहांकडून अचूक वेळ मिळवून देणारा लॉक कधीच सुटला होता. संगणक आपल्याच घड्याळावर चालत राहिला, आणि ते तासाला काही मिलिसेकंद सहज सरकतं. फायली शाबूत होत्या, तरी एकाही विजेची जागा काढता येईना. पोरं वर्षभर ज्या वादळाची वाट बघत होती, ते गेलं. त्यानंतर मी प्रत्येक फायलीच्या सुरुवातीलाच लॉक होता की नव्हता याची नोंद घालायला लागलो, आणि लॉक सुटला की फोनवर संदेश. तूही पहिल्याच आठवड्यात हे बसव.

सगळ्या नोंदी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत ठेव. आपल्याकडे पहाटे चारला पडलेली वीज यूटीसीत आदल्या तारखेला, रात्री साडेदहाला जाते. नवी मुलं इथे हमखास फसतात. शिवाय जीपीएसची स्वतःची वेळ 2017 पासून यूटीसीच्या 18 सेकंद पुढे आहे. रिसीव्हर यातली कोणती देतो, ते आधी तपास.

आता साठवण. सेकंदाला एक कोटी नमुने, प्रत्येक 16 बिटांचा, म्हणजे एका वाहिनीचे दिवसाला सुमारे 1.7 टेराबाइट. एवढं ठेवणं परवडत नाही, म्हणून ट्रिगर लावून, म्हणजे सिग्नल ठरावीक पातळीच्या वर गेला तरच, स्पंदापुरता तुकडा उचलतो. पण त्या ट्रिगरची पातळी डेटासोबतच साठव, आणि बदललीस तर तारीख-वेळेसह लिही. नाहीतर जूनमध्ये कुणीतरी पातळी खाली आणतं, आणि दोन वर्षांनी एखादा प्रामाणिक विद्यार्थी 'त्या वर्षी विजा वाढल्या' असं लिहून मोकळा होतो. अँटिना बदलली, केबल बदलली, तरी नोंद हवी. त्यासाठी मी अजूनही कागदी वही मानतो.

मूळ डेटाला कुणाचाही हात लागू देऊ नकोस, मोठ्या सरांचाही नाही. विश्लेषण प्रतीवरच करायचं. रेडला, म्हणजे एकाच यंत्रातल्या अनेक डिस्कवर डेटा ठेवायच्या सोयीला, बॅकअप समजू नकोस. एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेव, एक अशी ठेव जिची वायर कशालाच जोडलेली नाही. आपण विजेचाच अभ्यास करतो, आणि ती केबलवाटे घरात येते. गच्चीवरून खाली येणारी डेटाची वायर तांब्याची असेल तर आधी तिथे ऑप्टिकल फायबर घाल.

मे महिन्यात एसी बंद पडला की कुणीतरी सर्व्हरच्या खोलीत कूलर आणून ठेवतंच. वाळ्याचा वास छान येतो, पण ती दमट हवा यंत्रांना नको. 45 अंशांत यूपीएसच्या बॅटऱ्याही लवकर थकतात, त्या उन्हाळ्याआधीच तपासून घे.

सोमवारी सकाळी दहाच्या आत ये, ऊन चढायच्या आधी गच्चीवर जाऊ. तो जोड तुला दाखवतो. नवीन टेप मी आणतो, पाना तुझ्याकडे असू दे.

तुझा
जुना सहकारी