छायाचित्राखालचे बोलणे

सोलापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र मिळाले. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी या गिरण्यांत राबलेल्या कुटुंबांकडून तू जमवलेली छायाचित्रे आणि पूर्व भागातील विणकरांच्या आठवणी एका नव्या समाजमाध्यमावर मांडाव्यात, असे तुझ्या मनात आहे. त्या सेवेत अजून निमंत्रणाशिवाय प्रवेश मिळत नाही. तुला निमंत्रण आले आहे, आणि इतरांच्या आधी तेथे जावे की थोडे थांबावे, असे तू विचारले आहेस. माझे मत प्रथमच सांगतो : जरूर जा. मात्र आपल्यापाशी काय ठेवायचे आणि तेथे किती सोपवायचे, हे ठरवूनच जा. ऑर्कुट या गूगलच्या जुन्या समाजमाध्यमाच्या काळापासून अशा अनेक सेवांमध्ये मी सुरुवातीच्या मंडळींबरोबर वावरलो आहे. त्या मंडळींच्या हाती काय आले आणि त्यांच्या हातून काय निसटले, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ऑर्कुट जानेवारी २००४ मध्ये सुरू झाले आणि तेही आरंभी निमंत्रणावरच चालत असे. आपल्याकडे तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हते. तासाचे पैसे मोजून सायबर कॅफेत बसावे लागे. तेथील संगणकांवर देवनागरीची सोय बहुधा नसे, त्यामुळे मराठी माणसे रोमन लिपीत मराठी लिहीत, आणि तेलुगू व कन्नड घरांतील मुलेही आपापली भाषा त्याच लिपीत बसवीत. इतक्या अडचणीतही पुण्यात, हैदराबादेत, आखाती देशांत विखुरलेले सोलापूरकर तेथे एकमेकांना सापडले. सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा मार्ग कोणी विचारला, तर ठाऊक असलेली माणसे मन लावून उत्तर देत आणि उत्तरावर पुन्हा चर्चा होई. हा जिव्हाळा त्या सेवेचाच गुण आहे, असे अनेकांना वाटे. माझ्या मते तो माणसे थोडी असल्याचा परिणाम होता. लिहिणारा आणि वाचणारा एकमेकांना ओळखत असले की माणूस जबाबदारीने बोलतो. संख्या वाढली की तीच जागा बाजारासारखी गजबजते आणि पहिली माणसे हळूहळू बोलेनाशी होतात. तुझ्या नव्या सेवेतील पहिले काही महिने असेच सुखाचे जातील. त्या काळात जुने कामगार आणि त्यांची मुलेबाळे तुझ्याशी जे बोलतील, ते पुढे मिळेलच असे धरून चालू नकोस.

आता या पत्रातील मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या ओळखीतील काही जणांनी त्या काळच्या एका सेवेवर गिरणीची जुनी छायाचित्रे ठेवली होती. एका चित्रात साचा खात्यातील, म्हणजे गिरणीच्या विणकाम विभागातील, माणसे पाळी सुटल्यावर ओळीने उभी होती. ते ठेवणाऱ्याला त्यातील एकाच माणसाचे नाव माहीत होते. पुढे त्याखाली लोक लिहीत गेले. डावीकडून तिसरा माणूस आपला आजोबा असल्याचे एकीने लिहिले. टोपीवाला जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, होता, असे दुसऱ्याने सांगितले. मागे दिसणारी भिंत कोणत्या बाजूची, यावर दोघांचा वाद झाला आणि तिसऱ्याने आपल्या वृद्ध वडिलांना विचारून तो मिटवला. अशा रीतीने एका मुक्या छायाचित्राला माणसांची नावे, नाती आणि कामे मिळाली. कालांतराने ती सेवा बंद झाली. मुदतीत आपले साहित्य उतरवून घ्या, असे कळवण्यात आले आणि लोकांनी ते उतरवूनही घेतले. छायाचित्रे सुखरूप परत आली. त्यांखालचे बोलणे आले नाही. ज्यांनी ती नावे सांगितली होती, त्यांतील वृद्ध माणसे तोवर हयात नव्हती, आणि चित्रांच्या फायलींना नावांच्या जागी केवळ आकड्यांची लांबलचक माळ होती.

ही उणीव बहुतेक सेवांच्या रचनेतच असते, म्हणून ती नीट समजून घे. तू ठेवलेले चित्र हे तुझे साहित्य मानले जाते, परंतु त्याखाली दुसऱ्याने लिहिलेले वाक्य हे त्या दुसऱ्याचे साहित्य ठरते. साहित्य परत देण्याची सोय प्रत्येक खातेदारापुरती असते, म्हणून तुला तुझी चित्रे मिळतात, त्याला त्याची सुटी वाक्ये मिळतात, आणि चित्र व वाक्य यांना जोडणारा धागा कोणाच्याच हाती येत नाही. तुझ्या कामाचा तर सगळा जीव त्या धाग्यातच आहे. त्यामुळे चित्रे जपून ठेवली की काम जपले गेले, अशी समजूत करून घेऊ नकोस.

सेवा बंद कशा पडतात, हेही ध्यानात असू दे, कारण दर वेळी कारण वेगळे असते. २००२ मध्ये सुरू झालेल्या फ्रेंडस्टरला पहिल्या लोकांनी डोक्यावर घेतले, पण गर्दी वाढताच त्याची पाने उघडायला फार वेळ लागू लागला आणि लोक निघून गेले. २०११ मध्ये तर जुनी छायाचित्रे, संदेश आणि अभिप्राय पुसून टाकून त्याचे खेळांच्या संकेतस्थळात रूपांतर झाले. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. मायस्पेस बंद झाले नव्हते, तरी सर्व्हर बदलताना झालेल्या बिघाडात तीन वर्षांहून जुनी गाणी, चित्रे आणि चित्रफिती नष्ट झाल्या असाव्यात, असे २०१९ मध्ये त्या कंपनीला सांगावे लागले. गूगल प्लस सामान्य लोकांसाठी एप्रिल २०१९ मध्ये संपले. टिकटॉकवर भारत सरकारने २९ जून २०२० रोजी इतर ५८ ॲप्ससह बंदी घातली, आणि गावोगावच्या ज्या मुलामुलींनी तेथे आपला प्रेक्षक मिळवला होता, त्यांचा तो प्रेक्षक पाहता पाहता नाहीसा झाला. त्या बंदीच्या योग्यायोग्यतेविषयी येथे लिहीत नाही. चांगल्या चाललेल्या सेवेलाही बाहेरच्या निर्णयाने टाळे लागू शकते, एवढेच तुला दाखवायचे आहे.

या सर्वांत मला अधिक चटका लावणारे उदाहरण ‘कू’चे आहे. २०२० मध्ये बंगळूरमध्ये सुरू झालेल्या त्या सेवेने भारतीय भाषांना मागच्या बाकावर बसवले नव्हते. ट्विटरवर १४० अक्षरांची मर्यादा असताना काना, मात्रा आणि वेलांटी प्रत्येकी स्वतंत्र मोजली जाई, त्यामुळे मराठी वाक्य अर्ध्यावर आखडते घ्यावे लागे. ज्यांनी तो जाच सोसला होता, त्यांना आपल्या भाषेसाठी उभारलेली जागा मिळाल्याचा खरा आनंद झाला. पुढे पैशाची अडचण आली, मोठ्या कंपन्यांशी चाललेली बोलणी फिसकटली आणि जुलै २०२४ मध्ये ती सेवा बंद करत असल्याचे संस्थापकांनी जाहीर केले. हेतू चांगला होता आणि भाषेविषयी आस्थाही होती, तरी खर्च कोण भागवणार हा प्रश्न सुटला नाही. म्हणून कोणत्याही सेवेत शिरताना तिचे रूप पाहून हरखून जाण्याआधी ती चालवण्याचा पैसा कोठून येतो, हे शोध. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पाल ठोकणाऱ्या दुकानदाराला तेथून कधी उठायचे हे पहिल्या दिवशीच माहीत असते; आपल्याला मात्र ती तारीख मालकाने जाहीर केल्यावरच समजते.

सेवा चालू राहून तिचे नियम बदलणे, हाही एक प्रकार आहे. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये आप्तमित्रांच्या मजकुराला अग्रक्रम देण्याचे जाहीर केले, तेव्हा ज्या लहान संस्थांनी वर्षानुवर्षे खपून आपल्या पानांभोवती वाचक जमवले होते, त्यांचा मजकूर त्याच वाचकांपर्यंत पूर्वीसारखा पोहोचेनासा झाला. वाचकांची यादी त्यांच्याकडे नव्हती. ती सेवेकडे होती.

यादीचा विषय निघाला आहे, तर दुसऱ्यांच्या माहितीविषयीही स्पष्ट लिहितो. नवी सेवा पहिल्याच पायरीवर तुझ्या फोनमधील सगळे संपर्क मागेल, आणि मित्र शोधण्यासाठी ते हवेत, असे कारण देईल. ते देऊ नकोस. एका ॲपमधून फेसबुक वापरणाऱ्यांची माहिती केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली, त्या प्रकरणात फेसबुकने स्वतः दिलेले आकडे पाहा : भारतात ते ॲप केवळ ३३५ जणांनी घेतले होते, पण त्यांच्या मैत्रीच्या साखळीतून सुमारे ५,६२,००० लोकांची माहिती गेली असण्याची शक्यता होती. ज्यांनी संमती दिली ते मूठभर होते आणि ज्यांना कोणी विचारलेच नाही ते लाखांत होते. तुझ्या फोनमध्ये दाजी पेठेतील विडी कामगार आजींचे क्रमांक आहेत, यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसांचे आहेत. तुझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी ते तुला दिले आहेत. तो विश्वास परस्पर कोणा कंपनीकडे वळता करण्याचा अधिकार तुला नाही, आणि हे तुला मनापासून पटावे असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट लिहिताना मन जड होते, तरी सोलापूरच्या माणसाने ती टाळू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. त्यांत आपल्या मंगळवेढा तालुक्यातून भिक्षेसाठी गेलेली माणसे होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही, असे ठरवले. ती सेवा २००९ पासून चालू होती आणि संदेश उगमापासून सुटून किती दूर जातो, हे वापरणाऱ्यांना केव्हाच दिसत होते. तुझे काम वेगळे आहे, पण चित्र आणि त्याची हकिकत यांची ताटातूट तेथेही होणार आहे. संपातील गर्दीचे एखादे छायाचित्र उद्या भलत्याच गावाच्या आणि भलत्याच प्रसंगाच्या नावाने फिरू लागेल. म्हणून ठिकाण, साधारण काळ आणि कोणाच्या संग्रहातून मिळाले, हे चित्राच्या खालच्या पट्टीवर चित्राचाच भाग होईल असे लिहून मगच ते बाहेर पाठव. जिवंत माणसांची नावे मात्र त्यांना विचारल्याशिवाय घालू नकोस.

आता करायचे काय ते सांगतो. निमंत्रण स्वीकारल्यावर लगेच सगळा संग्रह तेथे चढवू नकोस. मोजकी चित्रे ठेव, ओळखीच्या दोघातिघांना त्यांखाली लिहायला सांग, आणि मग तुझे साहित्य परत देण्याची जी सोय असेल ती वापरून सर्व काही उतरवून घेऊन पाहा. अभिप्राय आले का, ते कोणत्या चित्राखालचे हे कळते का, मराठी आणि तेलुगू अक्षरे शाबूत आहेत का, हे डोळ्यांखालून घाल. ती सोयच नसेल, तर तेथे केवळ लहान आकाराची चित्रे ठेव. मॅस्टोडॉनसारख्या, वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले सर्व्हर एकमेकांशी जोडून चालणाऱ्या, खुल्या पद्धतीच्या सेवांविषयी तू लिहिले आहेस. तेथे एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना अनुयायी बरोबर नेता येतात, हे खरेच मोलाचे आहे. परंतु जुना मजकूर मागच्याच सर्व्हरवर राहतो, म्हणून सावधगिरी तेथेही सुटत नाही.

दर आठवड्याला एक बैठक मारून, त्या आठवड्यात प्रत्येक चित्राखाली जे बोलणे झाले ते साध्या युनिकोड मजकुरात उतरवून घे. कोणी, केव्हा आणि कोणत्या चित्राविषयी सांगितले, हे प्रत्येक नोंदीत असू दे. पद्मशाली या तेलुगू भाषक विणकर समाजाच्या घरांतील वृद्ध तेलुगूत सांगतील, ते तेलुगू लिपीतच लिहून घे आणि शेजारी मराठी दे, कारण मागाच्या कामातील त्यांचे कित्येक शब्द मराठीत उतरत नाहीत. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याची वाहवा कोणी करणार नाही, तरीही ते सोडू नकोस. चित्राच्या फाइलला आणि त्याच्या नोंदीला एकच क्रमांक दे. मूळ स्कॅन घरी दोन वेगवेगळ्या डिस्कवर असावेत आणि तिसरी प्रत घराबाहेर असावी. ज्यांच्याशी तुझा परिचय होईल, त्यांच्या परवानगीने पत्ता किंवा क्रमांक वहीत लिहून घे, म्हणजे ती सेवा उद्या नसली तरी माणसे राहतील. कोणी तुझ्या संग्रहातील चित्राचा गैरवापर केला, तर २०२१ च्या नियमांनुसार प्रत्येक समाजमाध्यमाने नेमलेला तक्रार निवारण अधिकारी कोण आहे, हेही पहिल्याच दिवशी नोंदवून ठेव. अडचण आल्यावर ते नाव शोधत बसणे फार जड जाते.

तिसऱ्या प्रतीसाठी हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारणा करावी, असे मला वाटते. तुझी हरकत नसेल तर आपण दोघे मिळून जाऊ. त्याआधी साचा खात्याची चित्रे आणि त्यांच्या आजवरच्या नोंदी मला पाठव. माझ्या परिचयाचे दोन निवृत्त कामगार अशोक चौकाजवळ राहतात, त्यांना त्या दाखवून राहिलेली नावे मिळतात का, ते मी या महिन्यातच पाहतो.

तुझा हितचिंतक