ब्रॉडबँड बदललं आणि सोसायटीचे कॅमेरे गायब झाले. कॅमेऱ्याचा आयपी अ‍ॅड्रेस शोधायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : ऐरोलीतली सोसायटी, एक एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा रेकॉर्डर), बारा आयपी कॅमेरे (नेटवर्कवर चालणारे). मागच्या महिन्यात इंटरनेट कंपनी बदलली. तेव्हापासून वॉचमनच्या केबिनमधल्या मॉनिटरवर आठच कॅमेरे दिसतात. पार्किंगचे आणि मागच्या गेटचे मिळून चार काळे पडलेत. मोबाइलवर तर एकही उघडत नाही. मूळ बसवणारा फोन उचलत नाही आणि दुसरा जो बघून गेला तो म्हणतो, एनव्हीआर आणि ते चार कॅमेरे नवे घ्या.

इतक्यात काहीही नवं घेऊ नका. ठाणे-नवी मुंबईत कॅमेरे बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम मी करतो. तुम्ही सांगितलेली लक्षणं अगदी ओळखीची आहेत. एनव्हीआर गेला असता तर ते आठ तरी कसे दिसले असते? यंत्रं बहुतेक धडधाकट आहेत, पत्ते जुळत नाहीत एवढंच.

आधी एनव्हीआरच्या मागे टॉर्च मारून बघा. दिसणाऱ्या आठ कॅमेऱ्यांच्या केबल थेट एनव्हीआरमध्ये शिरलेल्या असतील. त्या पोर्टांचं नेटवर्क एनव्हीआरचं स्वतःचं, आतल्या आत असतं. हिकव्हिजनच्या एनव्हीआरमध्ये तिथले पत्ते १९२.१६८.२५४ ने सुरू होतात, दाहुआच्या एनव्हीआरमध्ये १०.१.१ ने. राउटर कुठला आला नि कुठला गेला, याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं. उरलेले चार लांब आहेत, म्हणून ते पार्किंगमधल्या वेगळ्या पीओई स्विचवर (एकाच केबलने नेटवर्क आणि वीज दोन्ही देणाऱ्या डब्यावर) असणार आणि तो स्विच राउटरला जोडलेला असणार. राउटर बदलल्याचा फटका त्यांनाच बसला.

आयपी अ‍ॅड्रेस नवी मुंबईतल्या पत्त्यासारखा वाचा. १९२.१६८.१.६४ मधले पहिले तीन आकडे म्हणजे सेक्टर, शेवटचा म्हणजे प्लॉट नंबर. (सबनेट मास्क, म्हणजे सेक्टर कुठे संपतो ते सांगणारा आकडा, २५५.२५५.२५५.० असेल तेव्हा हे असं धरता येतं, आणि सोसायट्यांत जवळजवळ नेहमी तोच असतो.) एका सेक्टरमधली उपकरणं एकमेकांशी थेट बोलतात, दुसऱ्या सेक्टरशी बोलायचं तर राउटरच्या दारातूनच जावं लागतं. तुमच्या जुन्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असावा. नवा जिओफायबरचा असेल तर त्याचा पत्ता सहसा १९२.१६८.२९.१ असतो. एनव्हीआरमध्ये जुन्या सेक्टरचा पत्ता हाताने भरलेला, म्हणून तो तिथेच अडकून राहिला आणि त्याला इंटरनेटचं दार सापडेना. म्हणून मोबाइल बंद. ते चार कॅमेरे पत्ता आपोआप घेणारे असतील, तर ते नव्या राउटरकडून २९ चा पत्ता घेऊन मोकळे झाले. एनव्हीआर त्यांना अजून जुन्याच पत्त्यावर शोधतोय.

हे खरं आहे का ते बघायला पाच मिनिटं लागतात. मॉनिटरवर माउसचं उजवं बटण दाबून मेन्यूत जा, तिथून नेटवर्क. आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस आणि डिफॉल्ट गेटवे (म्हणजे राउटरच्या दाराचा पत्ता) यांचा फोटो काढून ठेवा. मग लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत आयपीकॉन्फिग (ipconfig) असं एका शब्दात टाइप करा आणि तिथला डिफॉल्ट गेटवे बघा. दोन्हीकडचे पहिले तीन आकडे वेगळे निघाले, तर रोग सापडला.

आता तुमचा मुख्य प्रश्न, चार कॅमेऱ्यांचे पत्ते. त्यासाठी कॅमेऱ्याच्या कंपनीचं स्वतःचं मोफत सॉफ्टवेअर वापरा. हिकव्हिजनचं एसएडीपी, दाहुआचं कॉन्फिगटूल. इतर मोठ्या कंपन्यांचीही अशी साधनं त्यांच्या वेबसाइटवर मिळतात. यांचा मोठा फायदा असा की कॅमेरा दुसऱ्याच सेक्टरचा पत्ता धरून बसला असला तरी तो यादीत येतो, कारण ही साधनं एकेक पत्ता तपासत नाहीत. ती सगळ्या वायरवर हाळी देतात आणि जो असेल तो ओ देतो. साधे स्कॅनर, म्हणजे अँग्री आयपी स्कॅनर किंवा मोबाइलवरचं फिंग, आधी आपल्याच सेक्टरात शोधतात. हरवलेल्या कॅमेऱ्यासाठी ते दुसऱ्या नंबरावर ठेवा. कंपनी कुठली तेच कळत नसेल, तर ओएनव्हीआयएफ (वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांची सामाईक भाषा) डिव्हाइस मॅनेजर हे सॉफ्टवेअर बहुतेक कंपन्यांचे कॅमेरे शोधून देतं. हे सगळं केबलने जोडलेल्या लॅपटॉपवरूनच करा. वायफायवरून, त्यातही गेस्ट वायफायवरून, अर्धी उपकरणं दिसत नाहीत आणि माणूस उगाच घाबरतो. एनव्हीआरच्या मागचे ते आठही या यादीत येणार नाहीत, ते आतल्या नेटवर्कवर आहेत. त्यांची काळजी करू नका.

यादी आली की कुठला पत्ता कुठल्या कॅमेऱ्याचा, हा पुढचा गोंधळ. प्रत्येक कॅमेऱ्याच्या अंगावर किंवा खोक्यावर बारा अक्षर-आकड्यांचा मॅक अ‍ॅड्रेस (उपकरणाचा स्वतःचा ओळख नंबर) छापलेला असतो, तो यादीशी जुळवा. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिथेही हाच मॅक दिसतो. त्यातली पहिली सहा अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची असल्यामुळे मोबाइल कुठला नि कॅमेरा कुठला हे बरंचसं कळतं. शिडी लावून स्टिकर वाचणं शक्य नसेल, तर लॅपटॉपवरून एका पत्त्याला सतत पिंग लावा (म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारत राहा) आणि कुणालातरी स्विचवरची एकेक केबल क्षणभर काढायला सांगा. ज्या केबलवर उत्तर थांबेल तो तो कॅमेरा. त्याच वेळी केबलला चिकटपट्टीवर नाव लिहून लावा, पुढच्या माणसाचे हाल वाचतील.

आता पत्ते जुळवायचे. मला सगळ्यात पसंत असलेला उपाय म्हणजे नव्या राउटरलाच जुन्या सेक्टरात आणणं. राउटरच्या पानावर लॅन (आतल्या नेटवर्कच्या) सेटिंगमध्ये त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ करायचा. एनव्हीआरला त्याचं दार जिथल्या तिथे मिळतं आणि हाताने पत्ते भरलेलं काहीही हलवावं लागत नाही. काही कंपन्यांच्या राउटरमध्ये हे सेटिंग बंद केलेलं असतं. तसं असेल तर एनव्हीआरला नव्या सेक्टरचा पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.२९.२००, गेटवे १९२.१६८.२९.१, डीएनएस (नावावरून इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारा) ८.८.८.८. डीएनएसची जागा रिकामी सोडू नका. नेट चालू असूनही मोबाइलवर काही न येण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

मग त्या चार कॅमेऱ्यांना कायमचे पत्ते द्या. एसएडीपीमध्ये कॅमेरा निवडून डीएचसीपीची (पत्ता आपोआप घेण्याची) खूण काढायची, नवा पत्ता भरायचा, कॅमेऱ्याचा पासवर्ड टाकायचा. हे पत्ते राउटर आपोआप वाटतो त्या टप्प्याच्या बाहेरचे हवेत. नाहीतर एखाद्या रहिवाशाच्या मोबाइलला तोच पत्ता मिळतो आणि दोघांच्या भांडणात कॅमेरा सारखा येतो-जातो. चित्र मिनिटभर येऊन मिनिटभर जात असेल, तर पहिला संशय या टकरीचा घ्या. नवे कॅमेरे खोक्यातून काढून एकदम जोडले तरी हेच होतं, कारण हिकव्हिजनचा प्रत्येक कॅमेरा १९२.१६८.१.६४ आणि दाहुआचा १९२.१६८.१.१०८ हाच पत्ता घेऊन येतो.

शेवटी एनव्हीआरमध्ये कॅमेऱ्यांच्या पानावर जाऊन त्या चार चॅनेलचे जुने पत्ते दुरुस्त करा. तिथे भरायचा पोर्ट नंबर हिकव्हिजनला ८०००, दाहुआला ३७७७७, ओएनव्हीआयएफने जोडत असाल तर बहुधा ८०. पासवर्ड अंदाजाने टाकत बसू नका. ठराविक वेळा चुकला की कॅमेरा काही वेळ दारच लावून घेतो आणि मग बरोबर पासवर्डलाही नकार मिळतो.

आणि रीसेटचं बटण. त्याला एवढ्यात कुणालाही हात लावू देऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. रीसेटने पत्ता, पासवर्ड, रेकॉर्डिंगचं वेळापत्रक सगळं पुसलं जातं आणि जे काम पत्ता जुळवून झालं असतं ते पहिल्यापासून करावं लागतं. पासवर्ड खरोखरच हरवला असेल, तर उपकरणाचा सीरियल नंबर आणि बिल घेऊन कंपनीच्या सेवा केंद्राकडे आधी चौकशी करा.

चारपैकी एखादा कॅमेरा कुठल्याच यादीत आला नाही, तर प्रश्न पत्त्याचा नाही, वायरचा आहे. स्विचवर त्या पोर्टचा दिवा लागतो का बघा. दिवाच नसेल तर कॅमेरा खाली उतरवून स्विचच्या शेजारी छोट्या, चांगल्या केबलने जोडा. तिथे चालला तर कॅमेरा ठणठणीत आहे. आपल्याकडे पावसाळा आणि खाडीची खारी हवा यांच्यात पहिला बळी जातो तो कॅमेऱ्याच्या शेपटीला जिथे केबल जोडतात त्या जोडाचा. बसवणारे तो जोड डब्यात न घालता उघडाच भिंतीवर सोडतात. पीओईमध्ये त्या पिनांवर ४८ व्होल्टच्या आसपास वीज असते. ओल शिरली की पिना हिरव्या पडून झिजतात. नवा जॅक मारून जोड पाणी न शिरणाऱ्या डब्यात घातला की बहुतेक वेळा काम होतं.

कॅमेरा दिवसा दिसत असेल आणि रात्री जात असेल, तर तेही लिहून ठेवा. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, तो जास्त वीज ओढतो, आणि केबल हलकी असेल तर पुरेसा व्होल्टेज पोहोचत नाही. कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होत राहतो. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्तात मिळते, ती पीओईला वापरूच नये. अस्सल तांब्याची घेतली तरी स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंतची मर्यादा १०० मीटर आहे. मागच्या गेटची केबल डक्टमधून फिरून गेली असेल तर ती मोजून बघा, नुसत्या नजरेने अंतर फसवतं.

मोबाइलचं आता. एनव्हीआरला दार मिळालं की कंपनीच्या अ‍ॅपमध्ये तो सहसा आपोआप ऑनलाइन येतो. नाही आला तर एनव्हीआर कुणाच्या खात्याला जोडलाय ते तपासा. पुष्कळ सोसायट्यांत तो बसवणाऱ्याच्याच खात्यावर असतो आणि सोसायटीला नुसता बघायचा हक्क दिलेला असतो. हे चुकीचं आहे. तुमच्या गेटवर कोण आलं-गेलं ते बाहेरचा माणूस घरबसल्या बघू शकतो. कंपनीकडून जुनं खातं सोडवून घ्या आणि सोसायटीच्या स्वतःच्या ईमेलवर नवं उघडा.

कुणी म्हणेल, राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करून देतो (म्हणजे बाहेरून थेट एनव्हीआरपर्यंत वाट उघडून देतो), मग कुठूनही दिसेल. नको म्हणा. एक तर घरगुती जोडण्यांवर ते बऱ्याचदा चालतच नाही, कारण कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. राउटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला की तुमचंही तसंच आहे असं समजा. दुसरं म्हणजे, जिथे चालतं तिथे तो रेकॉर्डर साऱ्या जगाला उघडा पडतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेलेच पासवर्ड ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर हजारोंनी ताब्यात घेतले, आणि त्यांच्या जोरावर ऑक्टोबरमध्ये डाइन (Dyn) या डीएनएस सेवा देणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला तेव्हा अमेरिकेतल्या कितीतरी मोठ्या वेबसाइट बंद पडल्या. कंपनीचं अ‍ॅप वापरा, पासवर्ड बदला, फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर) अद्ययावत ठेवा.

सगळं जुळलं की बारा कॅमेऱ्यांचं नाव, जागा, पत्ता, मॅक आणि स्विचचा पोर्ट एका कागदावर लिहून सेक्रेटरींच्या फाइलमध्ये ठेवा. पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात ठेवा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. एनव्हीआरची वेळही तपासा. महिनाभर इंटरनेट नसल्यामुळे घड्याळ मागे-पुढे झालेलं असू शकतं. चोरी झाली आणि पोलिसांनी फुटेज मागितलं, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि चुकलेल्या वेळेचं फुटेज तिथे अडचणीत आणतं. टाइम झोन +५:३० ठेवून एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ जुळवायची सोय) सुरू करा.

त्या चार कॅमेऱ्यांचं गेल्या महिन्याचं रेकॉर्डिंग एनव्हीआरमध्ये नसणार. पण कॅमेऱ्यांत मेमरी कार्ड घातलेलं असेल तर त्यावर काही दिवसांचं सापडू शकतं. सेटिंगला हात लावण्याआधी लॅपटॉपवर कॅमेऱ्याचं पान उघडून स्टोरेजमध्ये एकदा बघून घ्या. यादीत चारही कॅमेरे आले की नाही आणि दोन्हीकडचे गेटवे काय निघाले ते इथेच लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.